श्रीमंतचा अष्टप्पा

निलंग्यापासून समुद्र किती लांब, असं निलंग्यात कुणाला विचारलं तर तो आधी विचारील, "कोणता? खरा, का श्रीमंतचा?" खऱ्या समुद्राशी आमच्या गावाचा संबंध मिठापुरता. श्रीमंतचा समुद्र मात्र एके काळी रोज संध्याकाळी घराघरांत यायचा आणि त्याच्या तळाशी अष्टप्पा नावाचा ऑक्टोपस हॉटेल चालवायचा.

श्रीमंत बिराजदार आमचा केबलवाला. नांगर सोडून तो शिडी घेऊन लोकांच्या गच्च्यांवर चढायला लागला, तेव्हा त्याच्या वडिलांनी पोरगं वाया गेल्याचं पारावर जाहीर केलं होतं. पुढं हेच वडील रिमोट उशाखाली घेऊन झोपायचे, ते सोडा. गावाचं स्वतःचं चॅनल काढायचं म्हणून श्रीमंतनं हैदराबादेहून जुन्या कॅसेटींचं एक पोतं आणलं. त्यात ही कार्टूनची मालिका निघाली. रंग उडालेले, आणि भाषा ना इंग्रजी, ना तेलुगू, ना कन्नड. त्याची बायको नागम्मा सीमेपलीकडची. माहेर-सासर मिळून तिला तीन भाषा येतात. तिनं कान देऊन ऐकलं आणि सांगितलं, "अय्यो, कायतरी भांडून राहिलेत, एवढंच कळतंय."

श्रीमंतला तेवढं पुरलं. त्यानं टीव्हीचा आवाज बंद केला, माईक हातात घेतला आणि ऑक्टोपसला निलंग्याची मराठी दिली. "या मालक, बसा. आमटी लई झकास झाली हाय. तेवढं मला सोडून काय बी खावा!" असं म्हणत अष्टप्पा आठही हातांनी टेबल पुसायचा. गिऱ्हाईक एकच, एक जाडजूड शार्क. त्याला खायचा असायचा हॉटेलचा मालक. आणि दर भागात शेवटी शार्क उकळत्या कढईत पडायचा, वरून अष्टप्पाचे आमटी वाढायचे आठ डाव त्याच्या टाळक्यात बसायचे. समुद्राच्या तळाशी चूल पेटते कशी, हा प्रश्न आमच्यापैकी कुणालाही पडला नाही. श्रीमंतच्या समुद्रात सगळं चालायचं. लाइट कधी जाणार, कुणाची म्हैस सुटली, कुणाकडं बारसं आहे, हेसुद्धा अष्टप्पाच सांगायचा.

शार्कला आवाज कुठून आणायचा, हा प्रश्न खिडकीनं सोडवला. श्रीमंतच्या कंट्रोल रूमच्या खिडकीला लागून शाळा होती आणि तिथं मोठे गुरुजी दिवसभर शिकवायचे. प्रत्येक वाक्याच्या आधी नाकातून "हंऽऽ" आणि शेवटी "काय समजलं?" दिवसभर हे कानावर पडायचं, आणि संध्याकाळी शार्कनं तोंड उघडलं की श्रीमंतच्या घशातून आपसूक तेच बाहेर यायचं. "हंऽऽ. अष्टप्पा, मी तुला खाणार. काय समजलं?" गाव लोळायचं. गुरुजींना पत्ता नव्हता, कारण टीव्हीनं पोरं बिघडतात म्हणून त्यांनी तो घरात घेतलाच नव्हता. पुढं त्यांची लातूरला बदली झाली आणि शार्क तेवढा गावात राहिला.

आता केबल गेली, फायबर आलं. श्रीमंतच्या मिशा पांढऱ्या झाल्या. अष्टप्पा रविवारी सकाळी फक्त एकदा लागतो, लोकांच्या आग्रहाखातर, म्हणजे श्रीमंतच्या. आणि घरात मोठा प्रश्न येऊन बसला तो सुकन्याच्या लग्नाचा. पोरगी बी.फार्म., लातूरच्या दवाखान्यात कामाला, हुशार. पण नांदेडच्या एका पार्टीनं "केबल आता कोण बघतंय? मुलीचे वडील करतात तरी काय?" म्हणून नकार दिला आणि श्रीमंत आठवडाभर अष्टप्पाच्या आवाजातसुद्धा हसला नाही. मग त्याच दवाखान्याच्या लॅबमधल्या दयानंद मिरकलेचं स्थळ आलं. आलं म्हणजे काय, दोघांचं फोनवर "जेवलास का" इथवर आधीच गेलं होतं. मध्यस्थ नुसता शोभेला. सुकन्यानं आईला सांगून टाकलं, "करीन तर इथंच." मुलाचे वडील रामकिशन मिरकले, निवृत्त मुख्याध्यापक, लातूर. हे नाव निलंग्यात कुणी ऐकलेलं नव्हतं. निलंग्याला ते फक्त "मोठे गुरुजी" म्हणून माहीत होते.

रविवारी सकाळी पाहुणे आले. पुढं धोतरातले वडील, डोक्यावरचे केस गेल्यानं आम्हाला ओळखू न आलेले, मागं दयानंदची आई उज्वलाबाई हातात अर्धापूरची केळी घेऊन, त्यांच्या मागं मान खाली घातलेला दयानंद. शेजारधर्म म्हणून आम्ही चार जण सतरंजीवर बसलेलो. बशांतून फोडणीच्या चुरमुऱ्यांचा सुशीला आला. धोतरातल्या पाहुण्यांनी बशी हातात घेतली, घसा साफ केला आणि म्हणाले,

"हंऽऽ. घर हवेशीर आहे. काय समजलं?"

आत स्वयंपाकघरात काहीतरी पितळी पडलं. नागम्मानं पदराचा बोळा तोंडात कोंबला. माझ्या शेजारच्याला ठसका लागला. श्रीमंतचा चेहरा भिंतीच्या चुन्याशी स्पर्धा करू लागला.

"हंऽऽ. मुलगी स्वयंपाक करते का, हे मी विचारणार नाही. दयानंदला येतो. काय समजलं?"

आत आणखी एक भांडं गेलं. गुरुजी प्रसन्न झाले. "घर हसतमुख दिसतं. निलंग्यातल्या माझ्या वर्गातही मुलं अशीच हसायची. मी तोंड उघडायचा अवकाश! शासनानं आनंददायी शिक्षण पुढं आणलं, मी ते आधीच सुरू केलं होतं. काय समजलं?"

हेही निभावलं असतं. पण शेजारच्या शांतम्मा आजींना दिसत कमी, ऐकू मात्र चोख येतं. त्यांनी दारातूनच हाक दिली, "श्रीमंता, आज आठपाय्या कुठं गेला रे? नुसता शार्कच बोलून राहिलाय की!"

बैठक गार पडली.

"हंऽऽ. कोण शार्क?" गुरुजींनी विचारलं. त्यांनी मुलाकडं पाहिलं. "दयानंद?"

"अप्पा," दयानंद सतरंजीचा धागा ओढत म्हणाला, "टीव्हीतला. म्हणजे... तुम्हीच."

मग त्यानं सगळं सांगितलं. गुरुजींनी बशी खाली ठेवली. "लावा," ते म्हणाले.

श्रीमंतनं टीव्हीवर अष्टप्पाचा एक भाग लावला, आवाज बंद केला आणि बाजूला उभा राहिला. अष्टप्पा आला, टेबल पुसू लागला आणि श्रीमंत त्याच्यासाठी बोलू लागला, "या मालक, बसा..." शार्क आला, तोंड उघडलं, मिटलं. आवाज नाही.

"याला काय झालं?"

"गुरुजी, घसा बसलाय."

"आत्ता तर उठलेला होता. बोला."

श्रीमंतनं डोळे मिटले आणि बोलला. हंऽऽपासून काय समजलंपर्यंत. आम्ही सगळे जमिनीकडं बघत राहिलो.

"मी असा बोलतो?" गुरुजींनी बायकोला विचारलं.

"न्हाई," उज्वलाबाई म्हणाल्या. "तुम्ही याच्याहून लांब ओढता."

गुरुजींनी चष्मा काढला. मग हळू म्हणाले, "म्हणजे पोरं माझ्या शिकवण्यानं हसत नव्हती. या माशाला हसत होती." या वाक्याला हंऽऽ नव्हतं, काय समजलं नव्हतं. आतली भांडीसुद्धा गप्प झाली. दाराआडून सुकन्या दयानंदकडं पाहत होती, आणि तिच्या तोंडावर हसू नव्हतं.

"अप्पा, मी शेजारच्यांकडं चोरून बघायचो," दयानंद म्हणाला. "सगळ्या पोरांना सांगायचो, हे माझे वडील हायेत, टीव्हीत हायेत. कुणाला खरंच वाटायचं न्हाई, म्हणायची, हा तर केबलवाल्याचा आवाज. त्यावरून मी मार बी खाल्लाय."

गुरुजींनी त्याच्याकडं नीट पाहिलं. मग चष्मा पुसला, पुन्हा घातला आणि पडद्याकडं बोट केलं. "हंऽऽ. शेवटी याचं काय होतं?"

श्रीमंत पुटपुटला, "कढईत पडतो."

"प्रत्येक भागात?"

"प्रत्येक."

"इतकी वर्षं निलंग्यात मी रोज कढईत पडतोय आणि मला कुणी कळवलं नाही? श्रीमंतराव, मला एक भाग जिंकायचा आहे. आत्ता. मग बैठक पुढं. काय समजलं?"

चित्र तर ठरलेलं. शार्क पडणार, डाव बसणार. श्रीमंतनं एकदा दाराआडच्या लेकीकडं पाहिलं, एकदा पडद्याकडं. शार्क कढईच्या काठावरून घसरला, धप्पकन पडला, आणि श्रीमंत कडाडला:

"हंऽऽ! अष्टप्पा, शेकाला गरम पाणी मागितलं तर इतका उशीर? काय समजलं?"

"चुकलं, गुरुजी!" अष्टप्पा गयावया करू लागला. डाव टाळक्यात बसू लागले.

"हंऽऽ. जरा डावीकडं मार. हां, तिथंच धरलंय. दुसऱ्या हातांना काय झालं? आठ दिलेत ना देवानं?"

"लावतो, गुरुजी! मीठ टाकू का, गुरुजी?"

पडद्यावर अष्टप्पा विजयानं नाचत होता आणि श्रीमंतच्या घशातून रडत होता, "गुरुजी, आता तरी पास करा!" आम्ही एकमेकांच्या अंगावर पडलो. शांतम्मा आजी दाराला धरून हसत होत्या. उज्वलाबाईंनी केळ्यांच्या घडामागं तोंड लपवलं.

गुरुजी हसले नाहीत. "मीठ नको म्हणायला हवं होतं. मला बीपी आहे." मग दाराकडं वळून म्हणाले, "हंऽऽ. मुलीला बोलवा."

सुकन्या आली, नमस्कार केला, समोर बसली.

"एकच प्रश्न. मी जिंकलो का?"

श्रीमंत मागून मान हलवून 'हो म्हण, हो म्हण' करत होता. सुकन्यानं बापाकडं पाहिलंच नाही. "न्हाई, सर," ती म्हणाली. "पडलातच. पण पडताना तुम्हीच रागवत होता, अष्टप्पाच घाबरलेला होता."

गुरुजींच्या मिशीचं एक टोक हललं. मग दुसरं. मग पोट हलू लागलं, आणि त्यांना असा काही ठसका लागला की उज्वलाबाईंना पाठ चोळावी लागली. पाणी प्यायले, बशी पुन्हा उचलली, ती रिकामी पाहून स्वयंपाकघराच्या दिशेनं पुढं केली.

"विहीणबाई," ते म्हणाले, "सुशीला आणखी असेल तर आणा. आणि श्रीमंतराव, पुढचा भाग लावा. त्यात शार्कचं मी बोलतो, तुम्ही ओढता कमी. काय समजलं?"