सगळ्यांच्या ओळखीचा गोपनीय हवालदार

गुपितं सांभाळायची नोकरी केली की किस्से साठतात. नोकरीत असताना बोलायची बंदी, आणि निवृत्त झाल्यावर घरात ऐकायला कोणी तयार नाही. बायको म्हणते, "ड्युटीवर होतात तेच बरं होतं." म्हणून तुम्हाला धरून बसवलंय.

मी मुळशीतल्या एका पोलीस ठाण्यात हवालदार होतो. काम गोपनीय. असा एक जण ठेवलेला असतो. त्यानं साध्या कपड्यांत फिरायचं, सभेत मागे बसायचं, कोण कुणाला भेटतंय आणि कुठे काय शिजतंय ते साहेबांच्या कानावर घालायचं. माझी ओळख इतकी गुप्त होती, की माझं खरं नाव कोणालाच ठाऊक नव्हतं. सगळे मला 'गोपनीय' म्हणूनच हाक मारायचे. "ओ गोपनीय, गाडी जरा सावलीत लावा की."

आमच्या भागात पुढारी दोन, आबा आणि अण्णा. जमिनीला भाव आल्यापासून दोघांनाही जनतेची फार काळजी.

*

उरवड्याला आबांची सभा होती. साहेब नवीन आलेले. म्हणाले, "हवालदार, साध्या वेशात जा. कोणाच्या लक्षात येता कामा नये."

मी डोक्याला पंचा गुंडाळून शेवटच्या रांगेत, मांडवाच्या खांबाआड बसलो. तेवढ्यात निवेदकानं माइक हातात घेतला. "आपल्या सभेला गोपनीय खात्याचे हवालदार साहेब गुप्तपणे उपस्थित आहेत. त्यांचं आपण टाळ्यांच्या गजरात स्वागत करूया."

दोघांनी मला हाताला धरून स्टेजवर नेलं. शाल, नारळ, फोटो. सभा संपायच्या आत फोटो गावातल्या सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. त्यातल्या एकात आमचे साहेबही होते.

साहेबांनी फोन पुढे धरला. "साध्या वेशात जा म्हटलं होतं ना?"

"साध्याच वेशात गेलो होतो साहेब. शाल त्यांनी घातली."

*

खबऱ्याचं नाव फुटता कामा नये, ही साहेबांची दुसरी शिकवण. म्हणून त्यांनी खबऱ्यांना टोपणनावं दिली. पिरंगुटच्या बाजूला आमचा एक खबऱ्या होता, नाना. त्याला 'वाघ' मिळालं. नाना इतका खूश झाला, की दुसऱ्या दिवशी ठाण्याच्या दारात उभं राहून पहारेकऱ्याला म्हणाला, "साहेबांना सांगा वाघ आलाय. नाव नका सांगू, गुपित हाय."

पुढे नानाचा वाढदिवस आला. चौकात दोन माणसं उंचीचा फ्लेक्स लागला: 'पोलीस खात्याचे गुप्त सहकारी, आमचे मार्गदर्शक, वाघ नाना यांना हार्दिक शुभेच्छा.'

मी धावत गेलो. "नाना, उतरव आधी. सगळ्यांना कळेल."

"कळायलाच पायजे," नाना म्हणाला. "गुपचूप खबऱ्या हून काय फायदा? आता आबा सुदिक मला आधी नमस्कार करत्यात."

"अरे, पण आता तुझ्यासमोर कोण बोलणार?"

"बोलत्यात की. लोक येऊन मलाच विचारत्यात, पोलिसांत काय चाललंय."

फ्लेक्सच्या खालच्या बाजूला शुभेच्छुकांचे फोटो होते. त्यात पहिला माझा. शाल पांघरलेला.

*

निष्ठा बघायची असेल तर आबांचा कार्यकर्ता भरत बघावा. वीटभट्टीवर ट्रॅक्टर चालवायचा आणि उरलेला सगळा वेळ आबांचा. आबांच्या पक्षाचं चिन्ह किटली. भरतनं उजव्या दंडावर किटली गोंदवून घेतली.

मग एक दिवस आबा पक्ष बदलून मोकळे झाले. नवं चिन्ह रोडरोलर. साहेबांनी मला पाठवलं, कार्यकर्त्यांत नाराजी आहे का बघा. भरत ऐन मे महिन्यात फुल शर्ट घालून बसला होता.

"नाराज आहेस का?"

"आमी पक्षाचे न्हाई, आबांचे हाय," तो म्हणाला. "मला जरा हिंजवडीला जायचंय. चला बरोबर."

हिंजवडीत काचेच्या दारामागे एक टॅटूवाली मुलगी बसली होती. तिनं इंग्रजी-हिंदीत विचारलं, पुराना मिटाना है, या कव्हर अप? भरतनं बाही वर केली. "मिटवू नका मॅडम. ह्या किटलीचा रोडरोलर करून मिळंल का?"

तिनं मन लावून केला. तोटीचं धुराडं झालं, कानाची मागची सीट झाली. भरत आठवडाभर बिनबाह्यांच्या बनियनवर फिरला.

वर्ष सरायच्या आत आबा परत किटलीत आले. भरत मला चौकात भेटला. रागावलेला अजिबात नव्हता, नुसता विचारात होता. "तुमाला आतलं कळतं," तो म्हणाला. "हे कायमचं हाय का बगा. डावा हात मी अजून मोकळा ठिवलाय."

*

फ्लेक्स फाडण्यावरून एकदा आबा-अण्णांची पोरं भिडली. भरतच्या डोक्याला टाके पडले. सगळीकडे तंग. आणि अशात खबर आली, की आबा आणि अण्णा लवासात गुपचूप भेटणार आहेत.

मी टोपी, गॉगल, गुडघ्यापर्यंतची चड्डी अशा टुरिस्टच्या अवतारात गेलो. पण माणसानं लपायला गर्दी लागते. लवासात ओळीनं रंगीत इमारती, निम्म्यांच्या खिडक्यांना काचा नाहीत. तळ्याकाठच्या हॉटेलात गिऱ्हाईकं तीन: आबा, अण्णा आणि मी.

मी मेनूकार्डाआड तोंड घातलं. आबा पलीकडून म्हणाले, "गोपनीय, तितनं ऐकू येणार न्हाई. हितं येऊन बसा."

गेलो. त्यांनी माझ्यापुढे तळलेला मासा सरकवला. दोघे कुठल्याशा डोंगराच्या वाटणीबद्दल सख्ख्या भावांसारखं बोलत होते. उठताना अण्णा म्हणाले, "साहेबांना सांगा, आमी भेटलोच न्हाई."

परतताना भरतला बघायला दवाखान्यात गेलो. डोक्याला पांढरं बँडेज, एक डोळा सुजलेला. म्हणाला, "डोकं फुटलं त्याचं काय न्हाई. पण आबा त्या अण्णाच्या सावलीला सुदिक उभं ऱ्हात न्हाईत, हे ध्यानात ठेवा."

माझ्या बोटांना अजून माशाचा वास येत होता. मी हात खिशात घातले आणि म्हणालो, "ठेवतो."

*

अण्णांच्या गोटात माझा एक खबरी होता. खराखुरा. नाव फक्त मला माहीत. साहेबांनी विचारलं तेव्हा सांगितलं नाही, तुम्हीही विचारू नका. फोन यायचा, दोन वाक्यांत खबर मिळायची आणि तिसरं वाक्य माझ्या तब्येतीचं असायचं. मला शुगर निघाल्यापासून 'गोळी घेतली का' विचारल्याशिवाय तो फोन बंद झाला नाही.

एका निवडणुकीत मतदानाच्या आदल्या दुपारी फोन आला. अण्णांच्या पोल्ट्रीच्या शेडमध्ये पोरं जमलीत, काठ्या आणि गज आणलेत, आबांच्या पोरांची गाडी फाट्यावर अडवायचं ठरलंय. "कुणाच्या तरी घरचं पोर जाईल. लौकर या."

आम्ही शेडच्या तोंडाशी गाड्या लावल्या. कोणाला ओरखडा उठला नाही. अण्णा निवडणूक हरले, आणि निकालानंतर त्यांनी मला घरी बोलावलं. त्या घराच्या आत मी पहिल्यांदाच पाऊल ठेवत होतो.

दाराशी त्यांचा ड्रायव्हर उभा होता, तोंड पांढरं पडलेलं. बाहेर ओट्यावर पोरं बसलेली.

"माजा डाऊट ह्याच्यावर हाय," अण्णा म्हणाले. "तुमी निस्ती मान हलवा. म्होरचं आमी बघतो."

"ड्रायव्हर नाही, अण्णा. शपथेवर सांगतो."

"मग कोण? शेडचं ठरलं ते ह्याच खोलीत. भायेरचं कुणी नव्हतं."

तेवढ्यात वहिनी, म्हणजे अण्णांची बायको, चहाचा ट्रे घेऊन आल्या. एक कप अण्णांना दिला, एक ड्रायव्हरला. बाजूला ठेवलेला तिसरा माझ्यापुढे केला. "भावजी, ह्यो तुमचा. बिनसाखरेचा."

अण्णांनी कपाकडे पाहिलं, मग वहिनींकडे, मग माझ्याकडे. "तुमाला शुगर हाय व्हय?" त्यांनी सावकाश विचारलं. वहिनींच्या हातातला ट्रे जागच्या जागी थांबला.

"मला? कोण म्हणतं?" मी हसलो. "वहिनी, माझी कुणाशी तरी गल्लत केलीत. मला उलट जास्तीची लागते."

वहिनींनी साखरेचा डबा आणला. मी तीन चमचे घातले, ढवळलं आणि तळापर्यंत प्यालो. अण्णा बघत होते.

"अजून अर्धा घ्या," ते म्हणाले.

"घेतो की," मी कप पुढे केला. "वहिनी, साखर जरा सढळ हातानं."