भुताचा अर्ज

माझी पुतणी जपानी मालिका पाहते आणि पाहून झाल्या की मला येऊन सांगते. माझं आदिलाबादेत मंडप, खुर्च्या आणि लाऊडस्पीकर भाड्यानं देण्याचं दुकान आहे. ती सांगायला लागली की मी गिऱ्हाइकाला बसवून ठेवतो.

"काका, एक मुलगी मरते आन् लोणच्याची बरणी होऊन जन्माला येते. ज्या घरात ती बरणी हाये, त्या घरात खून होते. मग बरणी तपास करते."

"बरणीले पाय असतात काय?"

"नाई ना! म्हनून तर मजा. रहस्य हाये, पुनर्जन्म हाये, सैपाक हाये. तीन जॉनर एकात."

जपानी लोकांना वाटत असेल की ही मिसळ त्यांनीच पहिल्यांदा केली. मी लग्नात माईक धरणारा माणूस. एकाच मंडपात नवरी आईच्या गळ्यात पडून रडत असते, बँडवाला नागीण वाजवत असतो, आणि मागे मटणाच्या पातेल्याजवळ दोन मामा एकमेकांची कॉलर धरून उभे असतात. करुण, नृत्य आणि युद्ध. आमच्याकडे याला जॉनर म्हणत नाहीत. आमच्याकडे याला मे महिना म्हणतात.

गंमत इथवर ठीक होती. मग पुतणीला हैदराबादच्या एका कॉलेजात ॲनिमेशन शिकायला जागा मिळाली. येणार की नाही ते त्याच आठवड्यात कळवायचं होतं, आणि तिचा बाप म्हणजे माझे थोरले भाऊ "नाही" म्हणून मोकळे झाले होते. तिनं बी.एड. करावं असं त्यांचं मत. आमच्या गल्लीत कोणी दगड भिरकावला तर तो आधी मास्तरला लागतो आणि तिथून उसळून क्लार्कला. तिसऱ्याला लागल्याचं मी ऐकलेलं नाही. त्यामुळे मूल बारशात रडलं तरी आमचे लोक म्हणतात, आवाज चांगला आहे, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जाईल.

दादा महसूल खात्यात गिरदावर होते. शेतं मोजायची, बांधांचे तंटे पाहायचे, कुणाची जमीन कुणाच्या नावावर ते तपासायचं, यात त्यांचा जन्म गेला. त्यात आमचं घर बौद्ध आणि दादा घरातले सगळ्यात कडक बौद्ध. भूत, नवस, अंगात येणं, असलं काही ऐकलं की त्यांच्या कपाळावरची शीर उभी राहते. एकदा पाहुण्यांनी जेवताना हडळीची गोष्ट काढली, तर दादांनी त्यांना भाकरी वाढता वाढता उलटतपासणी घेतली. पाहुणे पुन्हा आले नाहीत.

"भावजी, तुमीच बोला आता," वहिनी मला म्हणाल्या. "तुमच्या तोंडाले कोनी लागत नाई."

मी बोललो नाही. मी नाटक्या माणूस, मी खेळ लावायचं ठरवलं. दादांना एक मालिका दाखवायची. एकदा त्यात रमले की पोरगी काय शिकायला निघाली आहे ते त्यांना कळेल.

निवड करायला आम्ही काका-पुतणी बसलो आणि आमच्या लक्षात आलं की एकही मालिका दादांना चालण्यासारखी नाही. एकीत देव हॉटेलात भांडी घासतो. एकीत राक्षसीण बालवाडी चालवते. बरणीचा तर प्रश्नच नव्हता. शेवटी एक सापडली. मेल्यानंतर माणसं एका कचेरीत जातात, तिथं त्यांचे जमिनीचे दावे चालतात. नायिका तिथली नवी कारकून, साहेब म्हणजे तीन डोळ्यांचा कुत्रा. मधूनच एक प्रेमप्रकरण आणि एक खून.

"बाबा पहिलं भूत दिसलं की उठून जातीन," पुतणी म्हणाली.

"कचेरी हाये ना? मग बस. मी बोलतो."

रविवारी अंबाडीची भाजी आणि भाकरी जेवून दादा खुर्चीत टेकले. मी टीव्हीपुढे उभा राहून, माईक नसताना माईकच्या आवाजात सांगितलं, "सादर आहे, जपान देशातील सरकारी कचेरीवर आधारित, हिंदीत भाषांतरित, कौटुंबिक मालिका!"

"बस खाली," दादा म्हणाले.

पहिली काही मिनिटं बरी गेली. टेबलं होती, फायली होत्या, पंखा होता. मग दारातून एक म्हातारी आली. तिच्या अंगातून मागची भिंत दिसत होती. हातात अर्ज. वहिनींनी पदर तोंडाशी नेला. पुतणीनं डोळे मिटले.

दादांनी हात वर केला. "थांबव ते."

मी थांबवलं. मनातल्या मनात हैदराबादची गाडी सुटलेली पाहिली.

"हे बाई मेली, बराबर?"

"हो दादा."

"मंग हिचं नाव काढून वारसाचं नाव चढवाचं, म्हंजे फौती, हे वारसानं कराचं काम हाये. हे सोता काऊन आली?"

पुतणी हळूच म्हणाली, "बाबा, ते भूत हाये."

"भूतबीत काई नसते," दादा म्हणाले. "पन अर्ज आला म्हंजे निकाल द्या लागते. लाव पुढं."

ती दुपार मी विसरणार नाही. नायिका खिडकीत उभी राहून ज्याच्यासाठी झुरत होती, तोच माणूस त्या दाव्यात प्रतिवादी निघाला. वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. दादा म्हणाले, "हिनं फाइल दुसऱ्या कारकुनाकडं द्याले पाह्यजे होती. पिरेम कर म्हना, पन फाइल दे." खून झाला तेव्हा त्यांनी प्रेताकडे पाहिलंसुद्धा नाही, पंच कुठे आहेत एवढंच विचारलं. तीन डोळ्यांचा कुत्रा न वाचता सही करून मोकळा झाला, तेव्हा मात्र ते पहिल्यांदा हसले.

"हे खरं दाखोलं. आमचे एक साहेब असेच होते."

"तीन डोळ्याचे?" वहिनींनी विचारलं.

"डोळे दोनच. पन तेही बंद."

दोन दिवसांत त्यांनी सगळी मालिका संपवली, मला न बोलवता. मी सत्काराचा हार घेऊनच गेलो म्हणा ना. "मंग दादा, पोरीचं काय ठरलं?"

"काय ठरलं? बी.एड."

"आन् ते मालिका?"

"पाहनं अलग, शिकनं अलग. आन् ते लोकं काय शिकवतीन तिले? ज्यानं हे काढलं त्यानं जन्मात शेत मोजलं नाई. साखळी कशी धरतात माईत नाई. हद्दीचा दगड पार वावराच्या मधात रोवला!"

पुतणीनं कोरा कागद ओढला, पेन्सिल घेतली आणि बापासमोर मांडी घालून बसली. "मंग बराबर कसं असते ते सांगा."

दादा आधी घुश्शात सांगत होते, मग रंगात आले. नेरडीगोंड्याच्या बाजूचं एक शेत, दोन भाऊ, रातोरात सरकलेला दगड. साखळी कोणी धरली, कुठं ओढली, कुठला भाऊ बांधावर आडवा झोपला आणि उठेचना. ती काढत होती, ते चुका काढत होते. "अबे, बाभूळ डाव्या हाताले." बाभूळ डावीकडे गेली. आडव्या झोपलेल्या भावाला तिनं माझं पोट दिलं, ते मी मोठ्या मनानं सोडून दिलं.

मग तिनं बांधावर आणखी एक म्हातारा काढला. त्याच्या अंगातून कपाशी दिसत होती.

"हे कोन?"

"त्या दोघाचा बाप."

"तो तं कधीचाच मेला होता."

"पन वावर कोनाच्या नावावर होतं?"

"त्याच्याच. फौती कोनी लावली नव्हती. पहाणीत, म्हंजे पिकाच्या सरकारी नोंदीत, तोच चालू होता."

"किती वर्सं?"

"लई."

"म्हंजे मेलेला मानूस तुमच्या पहाणीत दरसाली कपाशी पेरत होता," पुतणी म्हणाली. "असे किती असतीन, बाबा? आन् तुमी म्हनता भूत नसते."

खोलीत मला हसू आवरणं कठीण झालं, म्हणून मी पंख्याकडे पाहिलं. दादांची शीर उभी राहिली, मग बसली. त्यांनी कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. मेलेला म्हातारा त्यात मजेत दिसत होता. दोन पोरं भांडत होती आणि तो कपाशीला पाणी देत होता.

"याच्या डोक्यावर रुमाल पाह्यजे," दादा म्हणाले. "रुमालाशिवाय तो वावरात येतच नव्हता."

तिनं रुमाल काढला.

"कॉलेजचा नंबर दे," ते म्हणाले.

त्यांनी स्पीकर चालू करून फोन लावला आणि आपल्या कचेरीच्या हिंदीत सुरुवात केली. "आदिलाबाद से बोल रहा हूं. आपके यहां जमीन का सर्वे निकालना सिखाते क्या? नहीं सिखाते? क्यों नहीं सिखाते? अच्छा, मरा हुआ आदमी निकालना है तो उसका पांव जमीन को लगता या नहीं लगता? परछाई पड़ती क्या?" पलीकडची बाई सभ्य होती. तिनं परछाईबद्दल काहीतरी सांगितलं, दादांनी त्यावर हरकत घेतली, तिनं पुन्हा समजावलं. वहिनी हातात पोळपाट तसाच धरून उभ्या होत्या. पुतणी नखं खात होती.

शेवटी ती बाई म्हणाली, "सर, एक मिनट. ॲडमिशन किसका है? आपका या बेटी का?"

दादांनी फोन बाजूला धरून पोरीकडे पाहिलं. मला वाटतं, एक क्षणभर त्यांना स्वतःचंच नाव सांगावंसं वाटलं असावं.

"बेटी का," ते म्हणाले. "लिखो."