जादूघराचं दार
ओल्या चुन्याचा वास आला की माजरीकडची ती इमारत आठवते. खाणीच्या गोऱ्या साहेबांच्या गुप्त मंडळाची ती लॉज, म्हणजे बैठकीची जागा. सभासदाने दार तीनदा ठोकायचं, आतून तीन ठोके आले तरच आत जायचं. गाव तिला जादूघर म्हणे. १९८० नंतर तिथे खाणकामगारांसाठी क्वार्टर झालं आणि भावाच्या ओसरीत संसार मांडलेल्या आम्हा नवरा-बायकोला मिळालं, कारण दुसरं कोणी घेईना. पहिल्याच दुपारी, भिंतींना नुकताच दिलेला चुना ओला असताना, मी गमतीत तीन ठोके दिले. आतून तीन आले. बायकोची थट्टा समजून मी खूश झालो, तेवढ्यात ती मागून घागर घेऊन आली. “हसून काऊन राह्यले? किल्ली तं माह्याजवळ हाय!” मी चाचरत सगळं सांगितलं. तिने किल्ली फिरवली. “असन कोनी तं असन. त्या ओसरीत मी परत नाई जात.” आम्ही तिथेच राहिलो. आता स्वतःचं घर आहे, तरी मी दार वाजवत नाही, हाक मारतो. बायको हसते, पण बाहेरच्याने नाव सांगितल्याशिवाय कडी काढत नाही.