तांदळाच्या डब्यातली अंगठी

कुठून सुरू करू? माझ्याच तोंडून ऐका, कारण बायको सांगते तेव्हा मीठमसाला लावते. खोटं मात्र त्यात काही नसतं, हीच पंचाईत आहे.

आमच्या मोहाडीकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा भरते आणि घरोघरी पाहुणेच पाहुणे. त्या दुपारी बायकोनं कणीक मळायला बोटातली अंगठी काढून खिडकीत ठेवली. तिच्या बाबांनी दिलेली, त्यामुळे जिवापाड जपलेली. मी टीव्हीवर जुना सिनेमा बघत होतो, हिऱ्यांच्या हाराच्या चोरीचा.

सिनेमा कसा? चोर छतातून दोरीनं उतरतो तेव्हा श्वास अडकतो, आणि लगेच सगळी मंडळी सहलीला जाऊन गाणी म्हणत सुटतात. शेठनं हार गव्हाच्या पिंपात लपवला, तिथवर मी जागा होतो. मग गाणी लागली आणि माझा डोळाही. उठलो तर शेवट आलेला. हार शेठाणीच्या गळ्यात, सगळे हसतायत.

म्हणजे जागा पक्की. ठरवलं, एवढ्या गर्दीत अंगठी आपणच सांभाळायची. नव्या तांदळाच्या छोट्या डब्यात खुपसली. रोजचा भात पोत्यातला, या डब्याला कोण हात लावतो? सांगितलं कुणालाच नाही. गुपित म्हणजे गुपित.

"अवो, माही आंगठी कुठी गेली?"

"हाय ना, बराबर जाग्यावर हाय. पाहुणे जाऊ दे, मंग दाखवतो."

दुसऱ्या दिवशी माझी बहीण सुनीता लाखांदूरला सासरी निघाली, तिच्यामागून बाकीचेही गेले. मी ऐटीत डबा आणून परातीत ओतला. नुसते तांदूळ.

"याच्यातूनच त आत्ता सुनीताबाईची ओटी भरली," बायको म्हणाली.

सासरी निघालेल्या लेकीची ओटी आमच्याकडे नव्या तांदळानं भरतात, हे मला लहानपणापासून माहीत. तो डबा त्याचसाठी राखलेला असतो, एवढंच सुचलं नाही.

पण मी हटणारा नव्हे. अंगठी आणल्याशिवाय घरी यायचंच नाही, म्हणत मोटारसायकल दामटली आणि भंडाऱ्याच्या स्टँडवर एसटी गाठली. सुनीता खिडकीत बसलेली, डोळे भरलेले.

"दादा, वैनीनं ओटीत गुपचूप सोनं टाकलं रे. कोनती भावजई करते असं?"

अख्खी गाडी ऐकत होती. तिच्या शेजारच्या म्हातारीनं तर मला हातच जोडले.

"पन तू कायले आला?"

ओटीत घातलेलं परत कसं मागणार? मी म्हणालो, "हेच सांगाले. सांभाळून ने."

घरी येऊन सगळं कबूल केलं. बायको आधी रडली, मग हसली, मग माझ्या बोटातली अंगठी काढून, दोरा गुंडाळून स्वतःच्या बोटात बसवली. आणि मोबाइलवर तोच सिनेमा लावून मला समोर बसवलं. मी घोरत होतो नेमका तो भाग. गाणी संपतात, स्वयंपाकीण दळणाला गहू काढते आणि हार निघतो गिरणीला. पुढचा सगळा सिनेमा शेठ त्याच्या मागं धावतो.

"पन शेठले त भेटला ना शेवटी?" मी म्हणालो.

"तो जागा होता ना," बायको म्हणाली.