एशियन फिट

नेरूळचे आमचे चष्मेवाले काका गिऱ्हाइकाचं नाक बघून गाव ओळखतात, आणि दर वेळी चुकतात! मी पक्की साताऱ्याची, तरी मला "काय गं सारसोळ्याची कोळीण?" म्हणतात.

काल त्यांच्या दुकानात धावतच गेले. आज कॉलेजात माझं प्रेझेंटेशन, विषय ‘माणसांत वेगवेगळे वंश नसतातच’, आणि चष्मा सारखा घसरत होता! एका फ्रेमवर ‘एशियन फिट’ स्टिकर दिसलं.

"काका, उद्या कॉलेजात वंशावर बोलायचंय, हीच द्या! आपल्या नाकांसाठीच बनवलीय!"

घातली, तर ती थेट भुवयांवर जाऊन बसली.

काकांनी नखाने स्टिकर खरवडून काढलं. "एशियात नाकं किती आहेत, माहितीय?" मग माझ्याच जुन्या चष्म्याचे नोजपॅड चिमट्याने हळूच दाबले. आता चष्मा जराही हलत नाही.

"हे फक्त तुझ्या नाकाचं माप. जा, उद्या नीट बोल तिकडे, कोळीणबाई!"