समुद्रावरची अहिराणी

मेहरूणच्या तलावावर सकाळी फिरताना मंडळी अजून माझी फिरकी घेतात. "भाऊ, धरणगावचा कापूस सोडून तुम्ही समुद्रात कसे पडले?" पडलो नाही बाबांनो, तटरक्षक दलात भरती झालो! गस्ती जहाजावर नाविक होतो. पोस्टिंग गुजरातच्या किनाऱ्यावर. काम तस्करीच्या होड्या पकडण्याचं. जुने लोक चोरट्या सोन्याच्या, घड्याळांच्या गोष्टी सांगत. आमच्या वेळी मासळीच्या बर्फाखाली नशेच्या पुड्या निघायच्या.

माझा जोडीदार रतन, धुळ्याकडचा. होडीवर चढून झडती तो घ्यायचा, मी खाली रबरी बोटीत. दोघांकडे वॉकीटॉकी. तस्कर आमचं बोलणं चोरून ऐकायचे. हिंदी, गुजराती, मराठी, मेल्यांना सगळं कळायचं. मग आम्ही अहिराणीत बोलायला लागलो. जहाजाच्या कमांडंट साहेबांनी विचारलं, "ये कौनसा कोड है?"

"कोड नहीं सर, घर की बोली है," रतन म्हणाला. साहेब हसले. म्हणाले, चालू ठेवा.

त्या सकाळी एक ट्रॉलर थांबवला. रतन वर चढला. थोड्या वेळाने त्याचा आवाज आला, "बर्फखाले बठ्ठा मालच शे." बर्फाखाली सगळा मालच होता. तेवढ्यात तस्करांनी पुरावा जाळायला डिझेल ओतून आग लावली आणि पाण्यात उड्या टाकल्या.

"रतन, उडी मार! साहेबनी ऑर्डर शे!"

"थांब. इंजिनरूममा एक माणूस अडकेल शे. त्याले लई येस."

अरे, त्याला घेऊन येतो म्हणे, तो तर त्यांचाच माणूस होता! मला असा राग आला म्हणून सांगू. धुरातून रतनने त्या खलाशाला कठड्यावरून खाली ढकललं. मी त्याला बोटीत ओढलं. रतन निघणार, तोच टाकी फुटली. मी वॉकीटॉकीवर हाका मारत राहिलो. शेवटी जहाजावर परतल्यावर साहेबांनी माझ्या हातातून तो काढून घेतला.

पार्थिव घेऊन मीच त्याच्या गावी गेलो. दहाव्यालाही गेलो. त्याच्या आईला सारं गाव अक्का म्हणतं. काय काय झालं ते मी त्यांना सांगितलं.  मग त्यांनी विचारलं, "तो माणूस वाचना का?"

"वाचना, अक्का."

"मंग मना रतननं काम व्हयनं."

माझ्या रतनचं काम झालं, असं म्हणून त्या उठल्या आणि माझ्यासाठी चुलीवर भाकरी टाकायला गेल्या. त्या खलाशावरचा माझा राग तोवर गेला नव्हता. तिथे ओसरीवर बसून मी हमसून हमसून रडलो.