दिवेलागणीचा अलार्म

माझा स्वभावच संशयी. सदलग्यात घरामागं आमचं बियाण्यांचं गोदाम आहे. तिथं कॅमेरे बसवले आणि ते चालावेत म्हणून पडवीत वायफायचा डबा लावला. तेव्हापासून रोज संध्याकाळी कॅमेरे बंद पडायचे, सकाळी आपोआप सुरू. डब्यातल्या नोंदी उघडाव्यात, तर आदल्या दिवसाचं काहीच नाही. कुणीतरी पुसतंय, दुसरं काय!

बेळगावच्या मित्राला फोन केला. वीज तुटली की डबा स्वतःच्या नोंदी विसरतो, असं तो म्हणाला. मग मी नोंदी आमच्या दुकानातल्या संगणकाकडं वळवल्या आणि डबा बंद पडला की माझ्या मोबाईलवर अलार्म वाजेल अशी सोय केली. पहिल्या दिवशी सहा अठ्ठेचाळीस. दुसऱ्या दिवशी सत्तेचाळीस. मग शेहेचाळीस. नेमके त्याच सुमाराला गोदाम सांभाळणारे मामा कुलूप लावून पडवीतून घरी जायचे. वडिलांच्या वेळेपासूनचा माणूस. पण माझ्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

चौथ्या दिवशी मी लवकरच त्यांना अडवलं. "मामा, किल्ली द्या. आजपासनं कुलूप मी लावतो."

त्यांनी किल्ली कट्ट्यावर ठेवली आणि गेले. कारणसुद्धा विचारलं नाही. म्हणजे चोरच, मी मनात म्हटलं.

थोड्या वेळानं अलार्म वाजला. मी पडवीत धावलो. माझी थोरली बहीण, आक्का, आम्हा जैनांच्या रिवाजाप्रमाणं दिवस मावळायच्या आत जेवण उरकून बटणापाशी उभी होती.

"आक्का, काय करालीस?"

"चातुर्मास हाय न्हवं? त्या निळ्या लाईटीवर चिलटं येऊन मरत्यात. दिवस बुडाला की बंद करतो मी. सकाळी परत लावतो."

"मग सांगायचं न्हाय व्हय?"

"तू इचारलंस कवा?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तसाच मामांच्या घरी गेलो, किल्ली पुढं केली, हात जोडले. ते दुसऱ्या दिवशी कामावर आले. डब्याच्या लाईटीवर मी काळी चिकटपट्टी लावली. आता कॅमेरे बंद पडत नाहीत.

पण रोज संध्याकाळी कुलूप लावल्यावर मामा कॅमेऱ्याखाली उभे राहतात, हातातली कापडी पिशवी उलटी करून झटकतात आणि मगच निघतात. नको म्हणून किती वेळा सांगितलं.

"असू दे की," ते म्हणतात, "नोंद ऱ्हाईल."